खारी, पाट आणि पाइप: पार्किंगमधल्या अ‍ॅजिलिटीचं एक प्रकरण

खारी ही गावठी कुत्री. पुण्यात सिंहगड रस्त्यालगतच्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहते. घरात आजी-आजोबा, दिवसभर नोकरीवर असणारे मुलगा-सून आणि नववीतली नात. रस्त्यावरून उचलून आणली तेव्हा खारी चार-पाच महिन्यांची होती. हे प्रकरण सुरू झालं त्या फेब्रुवारीत, डॉक्टरांनी दातांवरून केलेल्या अंदाजाप्रमाणे, तिने वर्ष ओलांडलं होतं. खांद्यापाशी उंची ५२ सेंटिमीटर, वजन साडेसोळा किलो. बरगड्या हाताला लागायच्या, पण डोळ्यांना दिसायच्या नाहीत, म्हणजे अंगाने अगदी हवी तशी. नसबंदी झालेली, लसी पूर्ण.

तक्रार नेहमीचीच होती. संध्याकाळ झाली की चपला, दिवाणाचा कोपरा, आजीचा पदर, जे सापडेल त्याला दात. सकाळ-संध्याकाळ फिरवून आणलं तरी फरक नाही, उलट फिरून आल्यावर जास्तच उधाण. कुत्रं दमत नाही म्हणून नातीने यूट्यूबवर शोधाशोध केली, कुत्र्याला उड्या, बोगदे अशा अडथळ्यांतून पळवण्याच्या खेळाचे, म्हणजे अ‍ॅजिलिटीचे व्हिडिओ पाहिले आणि वाढदिवसाच्या पैशांतून ऑनलाइन टनेल, म्हणजे घडी होणारा बोगदा, मागवला. दिवाणखान्यात तो उघडताना स्प्रिंगसारखा फाडकन सुटला. खारी शेपूट पोटाखाली घेऊन दिवाणाखाली शिरली ती जेवायलाही बाहेर येईना. कुत्र्यांच्या वागण्याबद्दल घरोघरी जाऊन सल्ला देणं हे माझं काम, आणि मला बोलावणं आलं ते या टप्प्यावर.

आजोबांची शंका वेगळीच होती. हा जातिवंत कुत्र्यांचा, साहेबी शर्यतींचा प्रकार; गावठीला कशाला हे सोपस्कार? शंका रास्त होती, पण खेळाचा इतिहास तिला साथ देत नाही. अ‍ॅजिलिटीचा जन्मच मुळी वेळ काढण्यासाठी झाला. १९७८ साली लंडनच्या ऑलिंपिया सभागृहात भरलेल्या क्रफ्ट्स या श्वान प्रदर्शनात दोन मुख्य कार्यक्रमांच्या मधल्या रिकाम्या वेळेत प्रेक्षक कंटाळू नयेत म्हणून समितीतले जॉन व्हार्ली यांनी पीटर मीनवेल या प्रशिक्षकाच्या मदतीने घोड्यांच्या अडथळा शर्यतीवर बेतलेला कुत्र्यांचा खेळ मांडला. लोकांना तो इतका आवडला की दोनच वर्षांत ब्रिटनच्या केनेल क्लबने त्याला मान्यता दिली. नियम, वर्ग, पदकं हे सगळं नंतरचं. जातीचं म्हणाल तर अमेरिकन केनेल क्लबने २०१० पासून संमिश्र कुत्र्यांनाही आपल्या अ‍ॅजिलिटी स्पर्धा खुल्या केल्या, आणि २०२४ मध्ये वेस्टमिन्स्टर या अमेरिकेतल्या श्वान प्रदर्शनाच्या अ‍ॅजिलिटी अजिंक्यपदावर बॉर्डर कॉली आणि पॅपिलॉन यांच्या संकरातल्या निंबलने नाव कोरलं. संमिश्र कुत्र्याने ते जिंकण्याची ती पहिलीच वेळ. आजोबा म्हणाले, "ठीक आहे, पण ही टनेल बघून पळते त्याचं काय?"

टनेलच्या आधी मी जागा पाहिली. घरात सगळीकडे गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स. त्यावर वेगाने वळणाऱ्या कुत्र्याचे मागचे पाय फाकतात आणि गुडघ्याच्या अस्थिबंधाला इजा होऊ शकते. गच्चीवर चायना मोझेक. दिसायला छान, पण ओलं झालं की साबण आणि मार्चपासून तवा. उरलं पार्किंग. तिथे पेव्हर ब्लॉक होते, खडबडीत, पंजाला पकड देणारे. सकाळी साडेसहा ते सात दोन गाड्यांच्या जागा रिकाम्या असायच्या, कारण त्यांचे मालक पहाटेच हिंजवडीला निघत. ब्लॉक शेवटी काँक्रीटच, त्यावर उंच उड्या नकोत, हे मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं. हिरवळ मिळाली असती तर उत्तम, पण सोसायटीतल्या लॉनवर माणसांनाच पाय ठेवायला बंदी होती.

बिनसामानाचे दिवस

टनेल गुंडाळून माळ्यावर गेला. नात हिरमुसली. पहिले काही आठवडे सामान एकच, आजीच्या देवघरातला जुना पाट. तोही आजीने "नवा आणून द्याल तर" या बोलीवर दिला.

पाटाचं काम साधं. कुत्र्याने चारही पाय पाटावर ठेवायचे, थोडं थांबायचं, उतरायचं. काही स्पर्धांत याच्याशी मिळताजुळता अडथळा टेबलाचा असतो, तिथे कुत्र्याला पाच सेकंद थांबावं लागतं. पण मला पाट हवा होता तो मागच्या पायांसाठी. बहुतेक कुत्र्यांना आपले मागचे पाय नेमके कुठे पडताहेत याचं फारसं भान नसतं. पुढचे पाय जातात तिकडे ते ओढले जातात. पुढचे दोन पाय पाटावर ठेवून मागच्या पायांनी पाटाभोवती गोल फिरायला शिकलं की ते भान येतं, आणि पुढे उडी असो की फळी, सगळीकडे उपयोगी पडतं. खारी हे तीन-चार दिवसांत शिकली. आजोबांना एवढं कौतुक वाटलं की दुधवाल्याला थांबवून दाखवलं.

शिकवण्याची रीत अशी. कुत्र्याला उचलून, ढकलून किंवा पट्ट्याने ओढून पाटावर चढवायचं नाही. ते आपणहून पाटाकडे बघेल, पंजा ठेवेल, त्याच क्षणी एक ठरलेला छोटा आवाज करायचा आणि लगेच खाऊ द्यायचा. आवाजासाठी क्लिकर मिळतो. या घरात जिभेने टक् करायचं ठरलं, कारण क्लिकर शोधण्यात सकाळ जायची. आवाजाचा फायदा हा की नेमकं काय बरोबर केलं ते कुत्र्याला कळतं. खाऊ खिशातून निघेपर्यंत दोन सेकंद गेली तरी बिघडत नाही.

खाऊचा प्रश्न जरा अवघड निघाला. सगळे सांगतात, उकडलेल्या चिकनचे तुकडे घ्या. या घरात अंडंही येत नाही. मग पनीर, करंगळीच्या नखाएवढं कापून. सोबत तिचेच रोजचे कोरडे दाणे, सकाळच्या वाटीतून बाजूला काढलेले. काही कुत्र्यांना दूध-पनीर सोसत नाही, म्हणून आधी थोडं देऊन शी कशी होते ते पाहिलं. खारीला काही झालं नाही. वरखाऊ दिवसभराच्या आहाराच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये असा पशुवैद्यांचा ढोबळ नियम आहे. तो पाळायचा तर आजीची "अर्धीच पोळी दिली हो" बंद व्हायला हवी होती. ती बंद झाली नाही. मग त्या पोळीचा हिशेब धरून वाटी कमी केली. मनुका आणि चॉकलेट मात्र कुत्र्याच्या आसपासही नकोत, हे आजीने एकदा सांगितल्यावर काटेकोर पाळलं. शिऱ्यातले बेदाणे वेचून ठेवणारी आजी मी पहिल्यांदाच पाहिली.

टनेल

दुसऱ्यांदा टनेल आला तो टनेल म्हणून नाहीच. पार्किंगमध्ये तो दाबून, आवळून, दोरीने बांधून नुसती एक रिंग करून ठेवली. लांबी हातभर. दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या, कारण लहान मुलांचे हलके टनेल कुत्रं आत असतानाच गडगडतात आणि एकदा का तसं झालं की ते कुत्रं महिनाभर तरी तिकडे फिरकत नाही. स्पर्धेतल्या टनेलचा व्यास ६० सेंटिमीटर असतो. हा त्याहून अरुंद होता, पण खारीला मान खाली घालून जाता येईल एवढा.

नात एका बाजूला खारीजवळ, आजोबा पलीकडे उकिडवे बसलेले. पहिल्या दिवशी कुणी टनेलचं नावही घेतलं नाही. त्याच्या आजूबाजूला दाणे पडले होते, ते खारीने मान लांब करून, मागचे पाय पळायच्या तयारीत ठेवून उचलले. आपल्या गावठी कुत्र्यांचा हा स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. रस्त्यावर जगायचं तर नव्या वस्तूवर संशय घेणारा टिकतो. लॅब्रेडॉर ज्या वस्तूत आधी शिरतो आणि मग विचार करतो, त्या वस्तूला गावठी आधी चार बाजूंनी वास घेते. हा भित्रेपणा नाही आणि मठ्ठपणा तर त्याहून नाही. वेळ दिला की ती स्वतःच्या निर्णयाने जाते, आणि त्या निर्णयावर ठाम राहते.

तसंच झालं. काही दिवसांनी एका सकाळी आजोबांच्या हातातल्या पनीरकडे बघत ती रिंगमधून आरपार गेली, आणि आपण काय केलं हे कळल्यासारखी मागे वळून उलटी परत आली. त्यानंतर टनेल रोज वीतभर सैल होत गेला. महिन्याच्या शेवटी पूर्ण उघडलेल्या टनेलमधून ती अशी सुटायची की आजोबांना बाजूला व्हावं लागायचं. आता टनेल हा तिचा सगळ्यांत आवडता अडथळा आहे, आणि हीच पुढची अडचण झाली.

उडी, आणि कुत्रं नेमकं काय ऐकतं

उडीसाठी प्लंबिंगच्या दुकानातून इंचाचा पीव्हीसी पाइप, एल्बो आणि टी आणून आजोबांनी दोन चौकटी बनवल्या. त्यावर आडवा पाइप नुसता टेकवलेला, धक्का लागला की पडणारा. हे महत्त्वाचं. दोरी बांधून, काठी अडकवून किंवा दोन खुर्च्यांमध्ये दांडा घट्ट बसवून केलेल्या उड्या मी अनेक घरांत बघतो. कुत्र्याचा पाय अडकला तर दांडा सुटत नाही, कुत्रं तोंडावर आपटतं.

उंची सुरुवातीला शून्य, पाइप जमिनीवर. मग मागच्या पायाच्या घोट्याएवढी. स्पर्धांचे नियम बघितले तर एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या वर्गवारीत ४८ सेंटिमीटर आणि त्यावरची कुत्री मोठ्या गटात येतात आणि त्यांना ५५ ते ६० सेंटिमीटरच्या उड्या असतात. तो आकडा नातीने शोधून काढला होता आणि तिला तो हवा होता. मी खारीच्या कोपरावर बोट ठेवलं. घरच्या खेळात, काँक्रीटवर, याच्यावर नाही. खारीचं वर्ष उलटलं होतं म्हणून एवढी तरी मुभा. पिल्लांच्या हाडांच्या टोकाची वाढीची जागा मध्यम आकाराच्या कुत्र्यांत साधारण वर्ष-सव्वा वर्षाने भरून येते, मोठ्या जातींत दीड वर्षही लागतं. तोवर उंच उड्या आणि आपटत उतरणं टाळायचं. एफसीआयच्या स्पर्धेतही दीड वर्षाखालच्या कुत्र्याला प्रवेश नसतो.

एक उडी छान जमली. दोन उड्या आणि टनेल मांडले, आणि सगळं कोसळलं. नात "उडी!" म्हणायची, खारी उडीला वळसा घालून टनेलमध्ये. नात "उडी, उडी, उडी!" म्हणायची, खारी परत टनेलमध्ये. शेवटी खारी मटकन बसली आणि कान खाजवायला लागली. घरच्यांनी याचा अर्थ लावला की हट्टी आहे, ऐकत नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा गाभा इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मी नातीच्या आईला फोनवर व्हिडिओ काढायला सांगितला, पण कुत्र्याचा नाही, मुलीचा. कमरेपासून खाली. मग तो सगळ्यांनी मिळून आवाज बंद करून पाहिला. मुलगी तोंडाने "उडी" म्हणत होती, तेव्हा तिचे पाय थांबलेले होते, खांदा खारीकडे वळलेला होता आणि चपलेची टोकं थेट टनेलच्या तोंडाकडे होती. दर वेळी. खारी ज्या दिशेला गेली ती तिच्या मालकिणीच्या पायांची दिशा होती.

दुसऱ्या दिवशी बोलायला बंदी. नातीने तोंडाने काहीही म्हणायचं नाही, फक्त उडीच्या दिशेने पाऊल टाकायचं, खांदा तिकडे, नजर तिकडे, आणि चालत राहायचं. खारीने पहिल्याच फेरीत उडी घेतली. नात किंचाळली, त्यावर खारीही भुंकली, वरच्या मजल्यावरच्या कुणीतरी खिडकी लावून घेतली.

कुत्री आपल्या शब्दांपेक्षा आपल्या हालचाली आधी वाचतात. जगभरचे अ‍ॅजिलिटीवाले ज्याला हँडलिंग म्हणतात ते सगळं यावर उभं आहे. कुत्र्याच्या पुढून वळून बाजू बदलली की फ्रंट क्रॉस, मागून बदलली की रिअर क्रॉस, त्याच्याकडे पाठ करून वळलं की ब्लाइंड क्रॉस. नावं मोठी, पण प्रत्येकाचा अर्थ एवढाच की माणसाने स्वतःचं अंग कसं वळवलं म्हणजे कुत्र्याला पुढची वाट आधीच दिसेल. म्हणून या घरात पुढचे दोन आठवडे कुत्र्याला सुट्टी आणि मुलीला शिकवणी. ती पार्किंगमध्ये एकटीच, कुत्रं समोर आहे असं धरून, पावलं टाकत फ्रंट क्रॉस करायची. शेजारच्या काकांनी भरतनाट्यम का, असं विचारलं.

दुसरी गोष्ट खाऊ कुठे मिळतो त्याची. सुरुवातीला नात उडी झाल्यावर हातातून पनीर द्यायची. परिणाम असा की खारी उडी घेता घेताच मान वळवून हाताकडे बघायची आणि मागच्या पायांनी पाइप पाडायची. उडीच्या पलीकडे तीन-चार पावलांवर स्टीलची ताटली ठेवली आणि खाऊ तिच्यात टाकायला लागलो, तशी तिची नजर पुढे गेली, अंग सरळ झालं, पाइप पडायचे थांबले. कुत्रं त्याचं बक्षीस जिथे मिळतं तिथे धावतं. या एका बदलाने जेवढं काम झालं तेवढं शंभर "शाब्बास"नी झालं नसतं.

उधाण

घरच्यांची मूळ अपेक्षा होती की खेळून खारी दमेल आणि संध्याकाळ शांत जाईल. एप्रिलपर्यंत उलटं घडत होतं. खेळ संपला की ती नातीच्या पायजम्याला लटकायची, घरात येऊन सोफ्यावरून गोल गोल धावायची. आजीने स्पष्ट सांगितलं, हे खूळ पुरे.

कारण वेळेत होतं. उत्साहाच्या भरात अर्धा-अर्धा तास चालायचं. धावणं, उडी, भुंकणं, खाऊ, परत धावणं. असल्या खेळाने कुत्रं दमतं त्याहून जास्त तापतं, म्हणजे त्याचं मन चढतं आणि ते उतरवायला त्याच्याकडे उपाय नसतो. आम्ही वेळ चार-पाच मिनिटांवर आणली. आधी पट्ट्यावर सावकाश चालणं, दोन-चार गोल वळणं, पाटावर पंजे. मग मोजक्या फेऱ्या, खारीला अजून हवं असतानाच थांबायचं. आणि शेवटी जुन्या टॉवेलमध्ये दाणे गुंडाळून तो जमिनीवर ठेवायचा. नाकाने शोधत, उलगडत, चाटत तिला दहा मिनिटं लागतात. हुंगण्याने आणि चाटण्याने कुत्रं शांत होतं. आजीचं खूळ-प्रकरण या टॉवेलाने मिटलं. टॉवेल गुंडाळायचं काम आता तीच करते.

ऊन, पाऊस, एक लंगडा पाय

मे महिन्यात पुण्यात पारा चाळिशीला टेकतो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, ते मुख्यतः जीभ काढून धापा टाकून अंग थंड करतं. त्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास, आणि ४१ च्या घरात गेलं की उष्माघात, जो जिवावर बेततो. गावठी कुत्री उन्हाला सरावलेली असतात हे खरं, पण खेळाच्या नादात तीही थांबत नाहीत. आजोबांनी नियम केला की तळहाताची मागची बाजू ब्लॉकवर सात सेकंद ठेवता आली तरच खेळ. मे महिन्यात साडेसहाच्या पुढे पाचच मिनिटं, तेही फक्त पाट आणि जमिनीवरचे पाइप. हिरड्या लालभडक दिसल्या, लाळ चिकट झाली, चाल डगमगली तर लगेच सावली, साध्या पाण्याने अंग ओलं करणं आणि दवाखाना.

जूनमध्ये व्हायचं ते झालं. रात्रीच्या पावसाने ब्लॉकवर शेवाळाचा पातळ थर धरला होता, नातीची शाळा सुरू होण्याआधीची शेवटची सकाळ म्हणून खेळ झाला, टनेलमधून सुसाट बाहेर पडलेली खारी वळणावर घसरली. उठली, शेपूट हलवली, पुढे पळाली. दुसऱ्या दिवशी झोपेतून उठताना मागचा उजवा पाय उचलून धरला. डॉक्टरांनी गुडघा हलवून पाहिला, एक्सरे काढला. फाटलेलं-मोडलेलं काही नाही, स्नायू ताणला होता. दोन आठवडे पट्ट्यावर सावकाश चालणं, उडी नाही, जिना नाही, लिफ्टने ये-जा.

यातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही की त्या घसरण्याच्या आधीच्या आठवड्यात खारी पाइप पुन्हा पाडायला लागली होती. घरच्यांना वाटलं आळस. डॉक्टरांना वाटलं की पायात आधीपासून थोडी कळ असावी. ते आता सिद्ध करता येत नाही, पण नियम म्हणून मी हेच सांगतो. जमत असलेलं काम कुत्र्याने अचानक टाळलं, वळताना एकच बाजू निवडली, उडीआधी अडखळलं, तर शिस्तीचा विचार नंतर, आधी अंग तपासा.

वीव्ह पोल

नातीचा जीव होता वीव्ह पोलमध्ये, एका रांगेतल्या खांबांतून नागमोडी पळत जाणं. स्पर्धेत बारा खांब, दोन खांबांत ६० सेंटिमीटर अंतर, आणि पहिला खांब नेहमी कुत्र्याच्या डाव्या खांद्याला. बघायला सगळ्यांत देखणा, शिकवायला सगळ्यांत अवघड अडथळा, कारण कुत्र्याला निसर्गतः असं चालायचं काहीच कारण नसतं. सुताराकडून फळीवर सहा पाइप उभे करून आणले होते.

पाय बरा झाल्यावर, श्रावणातल्या उघडिपीत, दोन खांबांपासून सुरुवात केली. दोन खांबांच्या मधून आपणहून गेली की पुढच्या ताटलीत दाणा. मग कोन बदलून, मग आणखी दोन खांब. चारवर गाडी अडली. चौथ्यानंतर ती बाहेर पडून थेट टनेल गाठायची. जोर केला असता तर कदाचित सहा झाले असते. मी नको म्हटलं. पाठीचा कणा सारखा वाकवण्याचं काम आहे, पाय नुकताच सुधारलेला, आणि हे सगळं मजेसाठी चाललंय. नातीला पटलं नाही, ती आजही मधूनमधून पाचवा खांब लावून बघते.

सी-सॉ आम्ही घेतलाच नाही. फळी आपल्या वजनाने खाली आपटण्याचा आवाज आणि धक्का नीट टप्प्याटप्प्याने शिकवायला लागतो, आणि अर्धवट शिकवलेला सी-सॉ कुत्र्याला कायमचा घाबरवू शकतो. पाटाखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून थोडं डुगडुगतं करून दिलं, तेवढं पुरलं.

सोसायटी

एका सभासदांनी कमिटीकडे लेखी तक्रार दिली, पार्किंगमध्ये कुत्रा मोकळा सोडतात, भुंकतो. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. तो कागद मुलाने छापून ठेवला होता. आजोबांनी तो खिशातच राहू दिला. ते तक्रारदारांकडे गेले, चहा घेतला आणि वेळ ठरवली. खेळताना लांब पट्टा राहील, शी लगेच उचलली जाईल, सामान रोज वर जाईल, कुणी कुत्र्याला घाबरणारं खाली येत असेल तर फोन करावा, खेळ थांबेल. बंदीचा कागद दाखवला असता तर कायदा जिंकला असता आणि पार्किंग गेलं असतं, कारण पार्किंग वापरायचा हक्क त्या कागदात नाही.

बघ्या मुलांना मात्र दोन नियम सांगावे लागले. कुत्र्यामागे धावायचं नाही, आणि आपल्या हातचं काही खायला घालायचं नाही.

दिवाळी, आणि त्यानंतर

दिवाळीत फटाक्यांनी खारी पुन्हा दिवाणाखाली गेली. या दिवसांत घरच्यांनी खेळाचं सामान बाहेरसुद्धा काढलं नाही. भीतीत असताना पार्किंगमध्ये नेलं असतं तर फटाक्यांची भीती टनेलला आणि पाटाला चिकटली असती. तुळशीचं लग्न झाल्यावर पुन्हा नुसत्या पाटापासून सुरुवात केली. चार-पाच दिवसांत ती टनेलला आली.

फरक काय पडला, असं मला विचारतात. चपला चावणं जवळपास थांबलं. त्याचं श्रेय अ‍ॅजिलिटीला देणं सोपं आहे, पण त्याच काळात खारी मोठी झाली आणि तिला चावायला रोज वेगळी वस्तू मिळायला लागली. लिफ्टमध्ये अनोळखी माणूस आला की ती भुंकायची ती आजही भुंकते, त्याला वेगळं काम लागेल. उड्या मारून ती सवय जाणार नव्हती. बदलली ती दोन माणसांची समज. खारी चुकली की आता नात आधी आपल्या पायांकडे बघते. आणि आजोबा, जे तिला "मठ्ठ" म्हणायचे, तिच्या कानांवरून आणि शेपटीवरून ती पुढच्या क्षणी काय करणार हे सांगतात, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगतात.

नात आता दहावीत गेली आहे, सकाळी क्लास असतो. पार्किंगमध्ये आजोबा एकटे असतात आणि त्यांचे गुडघे धावण्याचे नाहीत. म्हणून सध्या काम चाललंय ते लांबून पाठवण्याचं. ते उडीच्या अलीकडे उभे राहून एक पाऊल पुढे टाकतात, हात लांब करतात, आणि ताटली रोज थोडी आणखी पलीकडे सरकते. दोन उड्या खारी अशा एकटी जाऊन घेते. दुसऱ्या उडीनंतर डावीकडे टनेल असेल तर हात कुठेही दाखवा, टनेलच. तेव्हा टनेल उजवीकडे मांडून बघायचं ठरलंय, त्यासाठी तिसऱ्या गाडीवाल्यांना गाडी फूटभर मागे लावायची विनंती करावी लागेल.